बिनचाकाची गाडी : एका गुडघ्याच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२४

जॉब : उजवा गुडघा. मालक : मीच. वय ५१, वजन ८४ किलो. धंदा फॅब्रिकेशनचा, गाळा कोल्हापुरात उद्यमनगरला.

गाळ्यात प्रत्येक जॉबची वही घालतो, मग याचीही घातली. तीस वर्षं उकिडवं बसून वेल्डिंग केलं. ट्रॉलीची चासी खालून मारायची म्हणजे दुसरा इलाजच नसतो. गेल्या दिवाळीपासून बसणं बंद झालंय. बसलोच तर उठताना व्हाइसचं टेबल धरावं लागतं. जिना चढतो, पण उतरताना खेकड्यासारखा आडवा होतो. परवा भाचीच्या बारशाला पंगतीत मांडी घालता येईना, म्हणून मला एकट्याला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर जेवण गेलं नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. झीज आहे, चारपैकी दुसऱ्या ग्रेडची. गुडघा मध्येच अडकतो का, गरम होतो का, ताप येतो का, पडलाबिडला होता का, हे सगळं आधी खोदून विचारलं. कशालाच 'हो' नव्हतं, तेव्हा म्हणाले, ऑपरेशनचा विषय नाही, फिजिओथेरपी करा.

फिजिओ मॅडमनी गुडघ्याच्या वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर टेप लावला. मांडीचा घेर डावीकडे ५०, उजवीकडे ४७.५. मला वाटत होतं बिघाड सांध्यात आहे. मॅडमचं बोट मांडीवर. सांध्यात सूज आली की मज्जासंस्थाच मांडीच्या पुढच्या स्नायूला आवर घालते. तो पूर्ण जोर लावत नाही, वाळत जातो, आणि मग भार झेलायला सांधा एकटाच उरतो.

४ जून

आज लोकसभेचा निकाल. पोरं सगळी मोबाईलला चिकटलेली, काम शून्य. बसल्या बसल्या सुरुवातीची मापं घेतली.

गुडघा वाकतो ११२ अंश (बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून, डावा १४०). आधार धरून जमेल तितकं खाली बसल्यावर टाच आणि कुल्ल्यातलं अंतर ३१ सेंटिमीटर. हात न टेकता खुर्चीवरून ३० सेकंदांत ९ वेळा उठलो. घरचा जिना १९ पायऱ्यांचा, उतरताना दुखणं दहापैकी ६.

मापात किती फरक चालेल त्याला गाळ्यात टॉलरन्स म्हणतात. हेल्परनं विचारलं, "मालक, टॉलरन्स किती धरायचा?"

९ जून

भाच्यानं मोबाईलवर एक माणूस दाखवला. वजन लादलेली लोखंडी घसरगाडी पट्ट्यानं ओढत उलटा चालतोय. फ्लोरिडातला बेन पॅट्रिक नावाचा प्रशिक्षक, स्वतःच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. या गाडीला तिकडं स्लेड म्हणतात. वजन उचलणाऱ्यांत ही चाल त्याच्याही आधीची. ओहायोतल्या कोलंबसला लुई सिमन्सच्या वेस्टसाइड बारबेल जिममधले पहिलवान कैक वर्षं स्लेड ओढत आले.

रीलमधली माणसं आठ दिवसांत उड्या मारायला लागतात, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण हालचाल डोक्यात बसली. उलटं चालताना आधी चवडा टेकतो. गुडघा थोडा वाकलेला असतो आणि गाडी तुम्हाला पुढं खेचत असते. मागं सरकायचं तर तो गुडघा जोर लावून सरळ करावा लागतो. म्हणजे प्रत्येक पाऊल हे मांडीच्या पुढच्या स्नायूचं एक छोटं काम. उडी नाही, आपटणं नाही, वजन खांद्यावर नाही. आणि थांबलो की गाडीही थांबते. बारबेल घेऊन खाली अडकलेला माणूस मी पाहिलाय. इथं तसं होणार नाही.

मॅडमना व्हिडिओ दाखवला. म्हणाल्या, उलटं चालणं आम्हीही देतोच, ओढायला काहीतरी जोडायला हरकत नाही, पण किती ते मी सांगणार.

१२ जून

गाडी बनवली. अर्धा दिवस.

खाली ४० बाय ४० बाय ५ चे दोन अँगल, ८०० लांब, मापं सगळी एमएममध्ये. पुढच्या टोकाला व्ही काप देऊन वर वळवले आणि वेल्ड मारला, म्हणजे नाक जमिनीत रुतणार नाही. वर ५ एमएमची प्लेट, ६०० बाय ४५०. मधोमध ४० एनबीचा, म्हणजे आतून साधारण ४० एमएमचा, पाइप उभा केला, वजनं ओवायला. हा पाइप बाहेरून ४८.३ भरतो, जिमच्या मोठ्या प्लेटांच्या ५० च्या भोकात बरोबर बसतो. पण जिमच्या प्लेटा घेतोय कोण! शेजारच्या फौंड्रीतून टेम्पोच्या ब्रेक ड्रमचे रिजेक्ट कास्टिंग आणले, एकेक ११ किलोचा. गाडी रिकामी १७ किलो. विकत घेतली तर महाग पडते म्हणे अशी. मला भंगाराच्या भावात पडली, वर एक वडापाव हेल्परला.

ओढायला ट्रक बांधायचा जुना पट्टा, ३ मीटर. आखूड ठेवला तर ओढ तिरकी वर जाते आणि गाडीचं नाक उचलतं. कमरेला दुहेरी शिवलेला सेफ्टी बेल्ट.

१४ जून

पहिली चाचणी फेल.

गाळ्यासमोर काँक्रीटची १८ मीटरची पट्टी आहे. लोखंड काँक्रीटवर घासताना असा काही आवाज निघाला की पलीकडचे लेथवाले बाहेर आले. आवाजाचं सोडा, गाडी सरळ सरकतच नव्हती. अडायची, मग एकदम सुटायची. प्रत्येक झटका थेट वाटीखाली. सात पावलांत थांबलो.

कारण उघड होतं. थांबलेल्या वस्तूला हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा हलती ठेवायला कमी लागतो. हा फरक जेवढा मोठा तेवढे हिसके जास्त. मासेवाल्याकडं असतो तसा हुकाचा डिजिटल काटा पट्ट्यात अडकवला. चार ड्रम घालून एकूण ६१ किलोची गाडी सुटताना २७ किलो ओढ दाखवते, चालताना २२.

१६ जून

भंगारातला निळा प्लॅस्टिकचा ड्रम कापला. त्याच्या पट्ट्या थरावर थर ठेवून ६ एमएम केल्या, अँगलखाली काउंटरसंक बोल्टनं आवळल्या. बोल्टची डोकी आत बुडवली. तेवढीच ६१ किलोची गाडी आता सुटताना १९, चालताना १७. आवाज फक्त खसखस. हिसका गेला.

हेल्परनं काटा हातात धरून शेजारून चालत आकडे वाचले. यापुढं वहीत गाडीचं वजन लिहायचं नाही, काट्यावरची ओढ लिहायची. गुडघ्याला वजन कळत नाही, ओढ कळते.

१९ जून

मॅडमनी डोस दिला. आठवड्यातून तीन दिवस, १८ मीटरच्या ६ फेऱ्या, मध्ये मिनिटभर दम. ओढ ८ किलोपासून, म्हणजे फक्त एक ड्रम. मला लाज वाटली. "एक ड्रम तर आमची आई पण ओढंल," म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग आईंनाही आणा."

नियम दोन. चालताना दुखणं दहापैकी ३ च्या वर जाऊ द्यायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा आदल्या दिवसासारखाच हवा. जास्त दुखला तर आदल्या दिवसाचा डोस जास्त झाला, वाद घालायचा नाही. वहीत याला 'सकाळचा जिना' म्हणतो.

उलटं चालताना मागचं दिसत नाही आणि गाळ्यासमोर भंगार कधी कुठं पडेल सांगता येत नाही. काँक्रीटवर पिवळ्या रंगाची सरळ रेघ मारली. दोन पायांच्या मधून ती मागं पळताना दिसत राहते, ती मध्ये आहे तोवर मी सरळ आहे. कटिंगचे तुकडे आधी झाडून घ्यायचे, हे हेल्परचं काम.

३० जून

ओढ ११. पाचही वेळा सकाळचा जिना ठीक. मांड्या दुखत नाहीत, याचंच नवल. बैठका मारल्या की दोन दिवस संडासला बसता यायचं नाही. मॅडम म्हणाल्या, बैठकीत खाली जाताना स्नायू ताण धरूनच लांबतो, अंग धरतं ते मुख्यतः त्यामुळं. गाडी ओढताना तो भाग जवळजवळ नाहीच.

हे वाक्य मी त्या दिवशी फायद्याचं म्हणून लिहून घेतलं.

९ जुलै

पाऊस. ओल्या काँक्रीटवर तीच गाडी १४ ऐवजी साडेदहा दाखवते. तीन ड्रम घालून 'आज लई हलकं जातंय, पाय सुधारला' असं वाटलं होतं. काटा नसता तर खुशीत दोन ड्रम चढवले असते आणि ऊन पडल्या दिवशी गुडघ्यानं हिशोब मागितला असता. शिवाय पाय घसरतो. पत्र्याच्या शेडखाली ११ मीटर जागा केली, फेऱ्या वाढवून १० केल्या.

२७ जुलै

पंचगंगा धोक्याच्या पातळीवर आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका धरतात, पाणी त्याच्या वर. उद्यमनगरात पाणी नाही, पण निम्मे कामगार नदीकाठच्या गावांतले, त्यांच्या वाटा बंद. हेल्परच्या घरातलं सामान वरच्या मजल्यावर चढवायला आम्ही गेलो होतो. चढलो-उतरलो किती ते मोजलं नाही. रात्री गुडघा सुजला.

नऊ दिवस गाडी बंद. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं ३० सेकंद थांबायचं, पाच वेळा, तेवढंच केलं.

११ ऑगस्ट

आज या वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद, आणि ती चांगली नाही.

ओढ १७ पर्यंत आली. म्हणजे सुरुवातीच्या दुपटीहून जास्त. खुर्चीवरून उठणं ९ वरून १२. जिना चढताना काहीच जाणवत नाही. पण उतरताना? ६ चं ५ झालंय. दोन महिन्यांत एक आकडा. अजूनही शेवटच्या चार पायऱ्यांना कठडा धरतो.

मॅडमकडं वही घेऊन गेलो. त्यांनी ३० जूनची नोंद काढली आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. गाडी ओढताना स्नायू आखडतो, गुडघा सरळ करतो. जिना उतरताना उलटं काम आहे. वाकत जाणाऱ्या गुडघ्यावर अंगाचं अख्खं वजन हळूहळू खाली सोडायचं, म्हणजे स्नायूला लांबता लांबता धरून ठेवायचंय. लिफ्टची मोटर दुरुस्त केली, ब्रेकला हातच लावला नाही, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तसंच समजा.

गाडी चुकीची नव्हती. ती नसती तर ब्रेकच्या कामाला लागण्याइतकी ताकदच पायात आली नसती, पहिल्या आठवड्यातच सुजून बसलो असतो. पण मी काट्यावरचा आकडा वाढतोय म्हणून खूश होतो आणि जॉब काय होता ते विसरलो. जॉब जिना उतरण्याचा आणि उकिडवं बसण्याचा होता. १७ किलो ओढण्याची ऑर्डर मला कुणी दिली नव्हती.

१३ ऑगस्ट

नवीन जोडकाम : चेकर्ड प्लेटची पायरी. तीन उंचीची, १०, १४ आणि १८ सेंटिमीटर. वर उजव्या पायावर उभं राहायचं, डावी टाच तीन आकडे मोजत खाली सोडायची, जमिनीला नुसती लागली की परत वर. गुडघा आत कलला तर ती फेरी धरायची नाही. भिंतीला आरसा टेकवला. ८ चे ३ सेट, आठवड्यातून दोनदा, गाडी नसेल त्या दिवशी.

१० सेंटिमीटर. वहीच्या लांबीपेक्षा कमी उंची, आणि सातव्या वेळेला पाय थरथरायला लागला. १७ किलो ओढणारा हाच तो पाय.

शिवाय टाचेखाली २ सेंटिमीटरची पाचर ठेवून उकिडवं बसायचा सराव, दाराची चौकट धरून. माझा घोटाही आखडलाय म्हणे. वर्षानुवर्षं कडक सेफ्टी शूज.

१ सप्टेंबर

गाढवपणा. गणपतीच्या मंडपाचं काम करायला पोरं जमली होती, त्यांना गाडी दाखवली. आठ ड्रम घातले. ओढ २९. चार फेऱ्या मारल्या, टाळ्या घेतल्या. २ तारखेला सकाळच्या जिन्याला दुखणं ७, वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरलेले. घरात बायकोनं, लक्ष्मीनं, वही वाचली असावी, कारण काही न विचारता बर्फाची पिशवी आणून पुढ्यात ठेवली.

आठ दिवस फक्त भिंत. मग ११ किलो ओढीपासून पुन्हा.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. दरवर्षी मिरवणूक संपेपर्यंत उभा असतो, यंदा रात्री अकराला घरी आलो. मंडळातल्या पोरांनी 'काका थकले' म्हणून हिणवलं. सकाळचा जिना ४. मिरवणुकीच्या मानानं हा आकडा मला सोन्यासारखा.

६ ऑक्टोबर

चार महिन्यांची मापं.

गुडघा वाकतो १२७ अंश. टाच ते कुल्ला १४ सेंटिमीटर. खुर्ची १४. मांडी ४८.६. ओढ २०, स्थिर. पायरी १४ सेंटिमीटरची, ८ चे ३. जिना उतरताना दुखणं २ ते ३. कठडा नाही.

वजन ८०. त्याचा हिशोब मॅडमनी सांगितला तो लिहून ठेवण्यासारखा. अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या जाड माणसांवर अभ्यास झाला होता, २००५ साली छापून आला. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं उतरतो. माझे चार गेले. म्हणजे दर पावलाला सोळा. दीड ड्रम.

रात्रीचा भात सोडला, तांबड्या रश्श्याला हात लावलेला नाही असं म्हणणार नाही.

२७ ऑक्टोबर

दिवाळीच्या आधी उसाच्या ट्रॉल्यांची गर्दी. कारखान्यांचा हंगाम तोंडावर, सगळ्यांना ट्रॉली कालच हवी असते. एका ट्रॉलीच्या हुकाजवळ चासीला तडा होता, हेल्परचा हात तिथं पोचत नव्हता. पाचर टाचेखाली घेतली आणि बसलो. रूट म्हणजे तळाचा पहिला वेल्ड मारला, स्लॅग म्हणजे त्यावरचा कीट झाडला, वरून दुसरा रन मारला. उठलो तेव्हा टेबल धरलं नाही, हे हेल्परनं सांगितल्यावर कळलं. घड्याळ लावलं नव्हतं, पण चार रॉड जळले. म्हणजे सहा-सात मिनिटं तर नक्की.

दुपारी पुन्हा बसायचा मोह झाला. नाही बसलो. १ सप्टेंबरचं पान उघडून बघितलं.

१० नोव्हेंबर

गाडीच्या पट्ट्या ६ वरून साडेतीनवर घासल्या. बोल्टची डोकी आता काँक्रीटला लागतील. नवीन पट्ट्या कापल्या. निळा ड्रम संपला, पुढच्या वेळी पांढरा.

आई गेल्या रविवारी गाळ्यावर आली होती. रिकामी गाडी, ५ किलो ओढ, हेल्परचा हात धरून उलटी सहा पावलं चालली आणि "हे काय खूळ" म्हणून बाकड्यावर बसली. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आईंना आधी माझ्याकडं आणा, वय ७६, तोल तपासल्याशिवाय उलटं चालवू नका. बरोबर आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

१७ नोव्हेंबर

गल्लीतल्या तालमीचे वस्ताद गाडी बघायला आले. वाकून खालून वरून बघितली आणि म्हणाले, "ही तर मैंद! ह्याला इंग्रजी नाव कशाला पायजे?"

मैंद म्हणजे नांगरलेली जमीन सपाट करायला बैलांच्या मागं बांधतात ते लाकूड. वस्तादांच्या लहानपणी कुस्तीच्या हौद्यातली माती खणून झाली की फळीवर एकाला बसवायचं आणि दुसऱ्यानं ती ओढत माती बसवायची, हा व्यायामातच धरलेला असे. "उलटी बी वडायचो," ते म्हणाले. "तोंड वस्तादाकडं पायजे, पाठ दाखवायची न्हाई."

संध्याकाळी टेम्पोत घालून गाडी तालमीच्या पटांगणात नेली. ड्रम न्यायचे राहिले. वस्ताद प्लेटवर मांडी घालून बसले, पाइपला मिठी मारून. ते ६८, गाडी १७, एकूण ८५. काँक्रीटवर एवढ्या वजनाला २४ पडले असते. मातीवर काट्यानं ३३ दाखवले. मी पट्टा सोडला.

"का रं?"

"तेहतीस आहे, वस्ताद."

त्यांनी एका पोराला ओढायला लावलं, आणि मला वीस किलोचं पोरगं बसवून दिलं. ३७ किलोला १४ ओढ. सहा फेऱ्या. मातीत चवडा छान रुततो, काँक्रीटपेक्षा बरं वाटलं. पोरगं सगळा वेळ "पळा, काका, पळा" म्हणून ओरडत होतं.

उद्या सकाळचा जिना बघायचा.